पाचवं बटण

१२ जानेवारी

ताई,

हे पत्र तुला कोण वाचून दाखवेल ते मला माहीत नाही. जी कोणी वाचेल तिला आधीच हात जोडून सांगते, बाई, अक्षर लागलं नाही तर थांबा, पुन्हा पाहा, पण ओळ गाळू नका. का, ते पुढे येईल. धाडस झालं तर येईल.

तेरा वर्षांनी लिहितेय आणि सुरुवात बटणापासून करतेय. हसशील.

मी एका कपड्यांच्या कंपनीत नोकरी करते. कंपनी स्वतः काही शिवत नाही. ठिकठिकाणच्या कारखान्यांकडून शिवून घेते आणि आपलं नाव लावून विकते. त्या कारखान्यांत कुणाला डांबून किंवा धमकावून तर राबवत नाहीत ना, हे बघणं माझं काम. वर्षातून एकदा जायचं, फिरायचं, कामगारांशी बोलायचं, फॉर्म भरायचा. आई शेजारणींना सांगते, "आमची धाकटी कारखान्यांची झडती घेते." झडती कसली! सात दिवस आधी पत्र पाठवून कळवायचं, असा आमचा नियम आहे.

आज नमुन्याचे कोट आले. जाड लोकरीचे. मी सवयीने एक बटण ओढून पाहिलं, मग उलटं करून खालचा दोरा पाहिला आणि खुर्चीवर बसले.

तुला आठवतंय ना? बटण कापडाला चिकटवायचं नाही, जरा उचलून धरायचं आणि खाली जे दोरे राहतात त्यांना वेढे द्यायचे. आई उजवीकडून वेढे देते. तू शिकलीस आईच्या समोर बसून, म्हणून तुझे सगळे उलटे. आई ओरडायची, "समोर काय बसतेस? आरशात बघून शिवायचंय का?" मी शिकले तुझ्या शेजारी बसून, तुझं बघून, म्हणून माझेही उलटेच. चार वेढे, मग पाचवा अगदी खाली, कापडाला टेकून. आणि दोरा कात्रीने कापायचा नाही, दाताने तोडायचा.

या कोटावर उलटे वेढे आहेत. चार, आणि पाचवा खाली. दोऱ्याचं टोक चपटं आहे.

जगात डावखुरी माणसं काही कमी नाहीत, हे मी स्वतःला दहादा सांगितलं. पण या कारखान्याच्या कागदांवर लिहिलंय की बटणं मशीनवर लागतात. मशीन दोरा दाताने तोडत नाही.

मी इतका वेळ त्या बटणाकडे बघत बसले की शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "काय गं, बटणात नवरा दिसतोय का?"

तुला कामाला लावणाऱ्या मुकादमाने येऊन सांगितलं होतं की तू कामावरून कुणाबरोबर तरी पळून गेलीस. बाबांनी त्या दिवसापासून घरात तुझं नाव काढू दिलं नाही. मीही काढलं नाही. आज एवढंच लिहवतं.

२ फेब्रुवारी

ताई,

काल त्या कारखान्यात जाऊन आले. सात दिवस आधी पत्र गेलेलं होतंच.

मॅनेजर फाटकापर्यंत आला. अंगाला एवढं अत्तर की आम्ही ऑफिसात त्याला अत्तरच म्हणतो. "या मॅडम, या! कारखाना तुमचाच आहे. हवं तिथे फिरा."

फिरले. शिवणाच्या मोठ्या खोलीत ऐंशी बायका मशीनवर. मी नियमाप्रमाणे दहाजणींना एकेक करून बाजूला घेतलं.

"रविवारी सुट्टी असते?"

"असते. रविवारी सुट्टी असते. आम्ही आराम करतो."

दुसरीला विचारलं. "असते. रविवारी सुट्टी असते. आम्ही आराम करतो." तिसरीला मुद्दाम विचारलं, "तुमचं गाव लांब आहे का?" ती म्हणाली, "असते. रविवारी सुट्टी असते." मग तिचं तोंड उघडंच राहिलं आणि तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे अत्तर उभा होता, हसत.

राहायच्या खोल्या दाखवल्या. चाळीस खाटा. चादरींवर एकही सुरकुती नाही, उशांना डोक्याचा खळगा नाही. मोरीत चाळीस साबण, सगळे कोरडे, वरची अक्षरंही झिजलेली नाहीत. प्रत्येक खाटेखाली चपलांचा एक जोड. मी वाकून पाहिलं. चाळीसही जोड एकाच मापाचे होते, ताई. चाळीस बायकांचे पाय एकाच मापाचे.

घाबरले की मी पावलं मोजते, लहानपणापासून. शाळेत जातानाही मोजायची, तू चिडवायचीस, "मास्तरीण, रस्ता पळून जात नाही." तशीच काल मोजली. इमारत बाहेरून एकशे दहा पावलं लांब आहे. आतून, या टोकापासून त्या टोकाच्या भिंतीपर्यंत, शहाण्णव.

शेवटच्या खोलीत कोट खोक्यांत भरतात. तिथली भिंत नवी रंगवलेली. तिला लागून चाकांवरचं एक उंच लोखंडी कपाट.

"या भिंतीपलीकडे काय आहे?" मी विचारलं.

"पलीकडे? काही नाही मॅडम."

"चौदा पावलं काही नाही?"

अत्तर इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडमना भूमितीची फार आवड दिसते!"

मी भिंतीला हात लावला. ती गरम होती, तापातल्या माणसाच्या कपाळासारखी. आणि हात लावताक्षणी आतला आवाज थांबला. तोवर आवाज होता हेच मला कळलं नव्हतं. तो थांबला तेव्हा कळलं.

तीन वर्षांपूर्वीही मी याच कारखान्यात आले होते. त्याबद्दल आत्ता नाही.

९ फेब्रुवारी

ताई,

साहेबांना पावलांचं सांगितलं. आमचे साहेब वाईट नाहीत. वाचताना चष्मा कपाळावर घेतात आणि मग शोधत बसतात. म्हणाले, "पावलं? आपल्या फॉर्ममध्ये पावलांचा रकाना आहे का?"

"नाही."

"मग? बरं, तुला एवढं वाटतंय तर लेखी दे. मी मॅनेजरकडून खुलासा मागवतो."

खुलासा म्हणजे अत्तरला पत्र जाणार. पत्र गेलं की चौदा पावलं रिकामी होणार आणि आतली माणसं कुठे नेतील ते कुणालाच कळणार नाही. मी लेखी दिलं नाही. साहेब म्हणाले, "तू फार मनाला लावून घेतेस."

लावून घेते. का ते आता लिहिते.

मुकादम तो कागद घेऊन आला तेव्हा मी बारा वर्षांची होते. घरात वाचता येणारी मी एकटी. बाबा म्हणाले, "मास्तरीण, वाच." तुझ्या कामाचा करार होता. सगळे माझ्याभोवती बसले. तू माझ्या मागे उभी होतीस, तुझा हात माझ्या खांद्यावर होता. मला इतका अभिमान वाटत होता! सहा ओळी मी खणखणीत वाचल्या. काम काय, जेवण मिळेल, राहायला मिळेल. सातव्या ओळीत असे लांबलचक शब्द होते की मला लागेनात. मुकादम माझ्याकडे बघत होता. आई बघत होती. अडले असते तर मुकादम हसला असता, "शिकवली म्हणे पोरीला." म्हणून मी सातवी ओळ गाळली आणि आठवी वाचली. तितक्याच खणखणीत.

कुणाला कळलं नाही. मुकादमाला कळलं. त्याने माझ्या गालावर थोपटलं आणि म्हणाला, "हुशार आहे हो पोरगी." मग तू अंगठा दिलास. माझी शाळा मात्र सुटली नाही.

त्या ओळीत काय होतं हे मला आजही माहीत नाही. तेव्हापासून मी काहीही वाचलं तरी सातव्या ओळीपाशी थांबते.

आता मी काय केलंय ते सांगते. नापास झालेले कोट कारखान्याकडे दुरुस्तीला परत जातात. तीन कोटांची समोरची पाचही बटणं मी कापून टाकली आणि शेऱ्यात लिहिलं, "बटणं सैल, पुन्हा लावावीत." नोकरीत पहिल्यांदाच खोटं लिहिलं. प्रत्येक कोटाच्या आत, शिवणीवर, एक जादाचं बटण असतं. ते मी आपल्या पद्धतीने लावलं, उलटे वेढे देऊन. ते उलटं करून बघेल ती फक्त ओळखणारीच. त्याच्या मागे अस्तरात चिठ्ठी आहे. हे पत्र वहीतच राहील, चिठ्ठी एवढीच:

"वाचून झालं की फाडा. समोरच्या पाच बटणांनी उत्तर द्या. वरून खाली. हो असेल तर वेढे उलटे, नाही असेल तर सरळ. एक, भिंतीच्या मागे आहात का? दोन, दाराला बाहेरून कडी असते का? तीन, जायचं म्हटलं तर जाऊ देतात का? चार, आम्ही येणार असलो की तुम्हाला गप्प बसवतात का? पाच, ही बटणं लावणारी तू ताईच आहेस का?"

कोट गाडीत चढले. चिठ्ठी अत्तरच्या हाती लागली तर? मी पुन्हा एकदा दुसऱ्याचा जीव माझ्या वाचण्यावर टांगला आहे.

२४ फेब्रुवारी

ताई,

तिन्ही कोट परत आले.

दोन कोटांवर बटणं मशीनने लावलेली होती आणि चिठ्ठ्या अस्तरात तशाच. तिसरा उघडला. अस्तराची शिवण नवी. चिठ्ठी नाही.

मी कोट घेऊन बाथरूममध्ये गेले आणि कडी लावून उभी राहिले.

पहिलं बटण उलटं. हो, भिंतीच्या मागे.

दुसरं उलटं. हो, कडी बाहेरून.

तिसरं सरळ. नाही, जाऊ देत नाहीत.

चौथं उलटं. हो, गप्प बसवतात.

पाचव्या बटणाला हात लावायच्या आधी मी पन्नासपर्यंत मोजलं. मग उलटं केलं. सरळ वेढे. उजवीकडून, नीट, मोजून, जणू चूक होऊ नये म्हणून सावकाश दिलेले.

नाही. ती तू नाहीस.

मग तुझे वेढे कोणाच्या हातात आहेत, ताई? तिन्ही उलट्यांना पाचवा वेढा कापडाला टेकून आहे. टोकं चपटी आहेत.

आता तीन वर्षांपूर्वीचं लिहिलंच पाहिजे.

तेव्हा मी नोकरीत नवीन होते. त्याच शेवटच्या खोलीत भिंतीला पाठ लावून फॉर्म भरत होते. पाठीमागून ठोकल्यासारखा आवाज आला. दोनदा, मग जरा थांबून एकदा. तू कामावरून यायचीस तेव्हा पत्र्याच्या दारावर असंच वाजवायचीस, म्हणजे अभ्यास सोडून कडी मीच काढावी. दोन, आणि एक.

मी अत्तरला विचारलं, "कसला आवाज?" तो म्हणाला, "पाण्याचा नळ." फॉर्ममध्ये नळाचाही रकाना नव्हता. मी "काही आक्षेप नाही" असं लिहिलं आणि सही केली.

मी ओळखला होता तो आवाज. नव्हता असं खूप दिवस म्हणत आले, पण ओळखला होता. नळ असं थांबून वाजत नाही. मला वाटलं, ताई तर पळून गेलीय. ती इथे कशी असेल? आणि असली तर मला तो करार पुन्हा वाचावा लागेल. म्हणून मी ती ओळही गाळली.

५ मार्च

ताई,

कामगार खात्यात एक अधिकारी बाई आहेत, रिटायर व्हायला आलेल्या, सगळ्यांवर खेकसतात. मी त्यांच्या टेबलावर कोट ठेवला आणि सगळं सांगितलं. चिठ्ठीचंही.

"बटणं?" त्या म्हणाल्या. "अगं बाई, मी कोर्टात बटणं दाखवू?"

"बटणं नका दाखवू. मोजायचा टेप घेऊन चला."

त्यांनी एक बटण उलटं करून पाहिलं. "तुझ्या साहेबांना माहीत आहे?"

"नाही. नियमाने सात दिवस आधी पत्र जातं. मी पावलं मोजली हे मॅनेजरला कळलंय, आता पत्र गेलं तर आत कुणी सापडणार नाही. तुम्ही फाटकातून आत शिराल त्याच वेळी माझं लेखी पत्र साहेबांच्या टेबलावर जाईल. काही लपवायचं नाही मला, फक्त आधी कळवायचं नाही."

"नोकरी जाईल."

"हो."

"चल मग. उद्या सकाळी. आणि काहीतरी खाऊन ये, चक्कर येऊन पडू नकोस, मला उचलता येत नाही."

काल सकाळी साडेदहाला आम्ही गेलो. बाहेरून मापलं, आतून मापलं. टेपचं एक टोक बाईंच्या हातात, दुसरं माझ्या. दोन शिपाई कपाट सरकवायला लागले तेव्हा अत्तर पहिल्यांदा हसायचा थांबला.

"जुनं गोदाम आहे मॅडम. किल्ली हरवलीय."

कपाटामागे दार होतं. दाराला बाहेरून नुसती कडी. कुलूपसुद्धा नव्हतं.

बाई म्हणाल्या, "कडीला किल्ली लागते होय?" आणि माझ्याकडे वळल्या. "काढ."

ती कडी मी काढली, ताई.

आत खिडकी नव्हती. दिवे आणि इस्त्रीची वाफ. लहान स्टुलांच्या दोन रांगा, तेवीस बायका, मांडीवर कोट, हातात सुई. आम्हाला बघून एकही उठली नाही. सगळ्यांनी माना वर केल्या आणि एका सुरात म्हणाल्या, "आम्ही खूश आहोत. रविवारी सुट्टी असते. आम्ही आराम करतो."

खेकसणाऱ्या बाईंनी टेप गुंडाळून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या रांगेत एक स्टूल रिकामं होतं. एवढ्या दाटीत, कोणी त्याच्यावर साधा दोराही ठेवला नव्हता.

त्याच्या शेजारची बुटकी बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. मी तिच्यापाशी जाऊन बसले. तिच्या कोटाचं बटण उलटं करून पाहिलं. पलीकडचीचं पाहिलं. तिच्या पलीकडचीचं पाहिलं. तेवीसच्या तेवीस बायका तुझे वेढे देत होत्या.

बुटकी म्हणाली, "तू मास्तरीण का गं?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"वाटलंच. चिठ्ठी मीच वाचली, अडखळत. ती नव्हती ना, म्हणून पाचवं सरळ लावावं लागलं. दोनदा उसवलं मी ते. हात वळेना सरळ."

"ती कुठे आहे?"

"तीच शिकवायची सगळ्यांना. म्हणायची, अशीच लावा, कुठेतरी कुणीतरी ओळखेल. आणि बाहेर कागदवाली माणसं आली की भिंतीवर ठोकायची. आम्ही म्हणायचो, मार खाशील. ती म्हणायची, माझी धाकटी सगळं वाचते, एक दिवस ती कागद घेऊन येईल." बुटकीने सुई पदराला टोचली. "तीन वर्षांपूर्वी एकदा ठोकलं. दोन आणि एक. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. कुठे ते नाही माहीत."

मग तिने विचारलं, "तेव्हा बाहेर कोण आलं होतं, तुला ठाऊक आहे का?"

मी सांगितलं. ओळ गाळली नाही.

तिने ते रिकामं स्टूल माझ्याकडे ढकललं. मी त्याच्यावर बसू शकले नाही.

२६ मार्च

ताई,

तेवीसजणी बाहेर आहेत. खात्याने राहायची सोय केलीय. पहिल्या दिवशी दार उघडं असूनही कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. बुटकी आधी गेली, रस्त्यापर्यंत जाऊन परत आली, आणि म्हणाली, "काही होत नाही गं." मग बाकीच्या गेल्या.

त्यांचे जबाब मी वाचून दाखवते, अंगठा किंवा सही व्हायच्या आधी. शब्द अडला की मोठ्याने सांगते, "हा मला लागत नाही," आणि अधिकारी बाईंना विचारते. त्या खेकसतात. पण अर्थ सांगतात.

अत्तर म्हणतो, तुला दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्यात दिलं, कुठल्या ते आठवत नाही. "दिलं" म्हणतो, भांडं दिल्यासारखं.

नोकरी अजून गेलेली नाही. चौकशी चालू आहे, कारखान्याची वेगळी आणि माझी वेगळी. सात दिवस आधीचं पत्र मात्र आता जात नाही. फॉर्ममध्ये एक रकाना वाढलाय, "इमारत बाहेरून व आतून मोजली का?" साहेबांनी तो मला दाखवला, चष्मा कपाळावर घेऊन. मग म्हणाले, "चौकशी संपेपर्यंत तुला गोदामात बसावं लागेल." शिक्षा म्हणून. गोदामात सगळ्या कारखान्यांचा माल येतो, ताई. सगळ्यांचा.

अत्तरच्या कपाटात एक पत्र्याची पेटी सापडली. सगळ्यांची ओळखपत्रं, सगळ्यांचे करार. तुझं ओळखपत्र नाही. करार आहे. खाली तुझा अंगठा, जरासा सरकलेला, कारण तू हसत होतीस.

आता वाचते. बाई, तुम्ही जी कोणी हे तिला वाचून दाखवत असाल, इथे सावकाश वाचा. सातवी ओळ:

"सदर मुदत समाप्त होईपर्यंत कामगाराची सर्व ओळखपत्रे मालकाच्या अभिरक्षेत राहतील आणि मालकाच्या लेखी अनुमतीव्यतिरिक्त कामगारास कामाचे ठिकाण सोडता येणार नाही, मुदत...... वर्षे."

वर्षांची जागा कोरी आहे. तेव्हाही कोरीच असणार. बारा वर्षांच्या मुलीलाही कोरी जागा दिसली असती. अडखळत का होईना, मी वाचली असती, तर आई म्हणाली असती, "थांबा, किती वर्षं?"

गोदामात मी रोज बटणं उलटी करून बघते. तीन आठवडे सगळी सरळ. इथले हमाल मला वेडी समजतात. एकजण म्हणाला, "मॅडम, कोट पुढच्या बाजूनं घालतात."

काल दुसऱ्याच एका कारखान्याचा माल आला. मुलांचे कोट. समोरची बटणं मशीनची, घट्ट, निर्जीव. सवयीने आतली शिवण पाहिली. जादाचं बटण, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, ते हाताने लावलेलं होतं. चार वेढे, उलटे. पाचवा कापडाला टेकून.

तेवढा एकच कोट, दोनशेमध्ये.

मी अधिकारी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "टेप माझ्या पिशवीतच आहे."

ते बटण तुझंच, की तुझ्याकडून शिकलेल्या कुणाचं, मला माहीत नाही. त्यासाठी यावेळी चिठ्ठी पाठवून वाट बघणार नाही. ही वही घेऊनच येतेय, परवा सकाळी, न कळवता. आधी बाहेरून मोजेन, मग आतून. पावलं कमी पडली तर त्या भिंतीपाशी जाऊन मीच वाजवेन. दोन, आणि एक.

तुला उठायची गरज नाही. कडी मी काढेन.

— मास्तरीण